तेलफलाटांची संख्या आणि तेलाचे उत्पादन

समुद्रातील तेलफलाटांचा नकाशा पाहिला असता, जेथे ठिपके दाट तेथे तेल विपुल, असा समज सहज होतो. मेक्सिकोच्या आखातात हा समज टिकत नाही.

किनारा दृष्टिआड होईल इतक्या अंतरावरील पहिली उत्पादक विहीर १९४७ साली लुइझियानासमोर खोदली गेली. तेथे पाण्याची खोली सहा मीटरही नव्हती. पुढे तळाशी खिळविलेल्या पोलादी सांगाड्यावर फलाट उभारण्याची रीत रुळली. उथळ समुद्रबूड जमिनीवर असा सांगाडा स्वस्त पडतो. आणि किनाऱ्याकडे एक नळवाहिनी टाकली, की तिच्या आसपासचे लहानसहान साठेही काढण्याजोगे ठरतात. फलाटांची दाटी झाली ती अशी. चालू शतकाच्या आरंभी त्यांची संख्या सुमारे ४,००० होती. २०२० पर्यंत ती निम्म्याखाली आली. तथापि २०१९ साली आखातातील तेलाचे उत्पादन शतकारंभीपेक्षा अधिकच होते. (नैसर्गिक वायूचे मात्र पुष्कळ घटले.)

याचे कारण पाण्याच्या खोलीत आहे. खोलीबरोबर सांगाड्याची उंची वाढते व सुमारे ४०० मीटरांपुढे तो परवडेनासा होतो. त्यापलीकडे तरंगत्या फलाटांचे राज्य सुरू होते. २०१० साली उत्पादन सुरू झालेला ‘पर्डिडो’ फलाट सुमारे २,४५० मीटर पाण्यावर नांगरलेला आहे. असा एकच फलाट समुद्रतळावरील दूरदूरच्या विहिरींचे तेल गोळा करतो.

आपल्याकडील ‘बॉम्बे हाय’ (आता ‘मुंबई हाय’) हे क्षेत्र उथळ प्रकारात मोडते. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवरील या क्षेत्राचा शोध १९७४ साली लागला व उत्पादन १९७६ साली सुरू झाले. पाणी सुमारे ७५ मीटर. तेल चुनखडकाच्या पसरट थरांत. तिरप्या विहिरी खोदूनही एका फलाटाच्या आवाक्यात थोडेच क्षेत्र येते. म्हणून विहिरींचे फलाट विखुरलेले, आणि तेल, वायू व पाणी वेगळे करणारे प्रक्रिया-फलाट मोजके. नकाशावर मात्र दोहोंचा ठिपका सारखाच! २७ जुलै २००५ रोजी एक साहाय्यक जहाज ‘मुंबई हाय उत्तर’ या प्रक्रिया-फलाटाच्या वायुनळीवर आदळून आग लागली. २२ जण दगावले व सुमारे दोन तासांत फलाट नष्ट झाला. नाहीसा झाला तो एक ठिपका. परंतु त्याकडे तेल पाठविणारे भोवतालचे विहीर-फलाट, स्वतः अबाधित असूनही, बंद ठेवावे लागले.