टॉवेल-दस्तरखान मांडण्यासाठी तारेचा स्टँड

दुकानाची रुंदी आठ फूट आणि माल तीस फुटांचा, अशी आमच्यापैकी बहुतेकांची अवस्था असते. टॉवेल, नॅपकिन, दस्तरखान, उशीचे अभ्रे, भांडी पुसायची फडकी हा घरगुती माल आम्ही घड्या घालून फडताळात रचतो आणि गिऱ्हाईक मागेल तेव्हा काढून दाखवतो. न मागितलेला माल फडताळातच राहतो. मोठ्या मॉलमध्ये हाच माल उघडा टांगलेला असतो. गिऱ्हाईक हात लावते, पोत पाहते आणि दोनाऐवजी चार नग उचलते. सोलापूरच्या टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, परंतु त्याची खरी ओळख हाताला लागणाऱ्या लूपमध्ये आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या टॉवेलला ती ओळख कुठून मिळणार?

यावर साधा उपाय म्हणजे तारेचा स्टँड. तयार स्टँड बाजारात मिळतात, पण त्यांतले बरेचसे वेफर्सच्या पुड्यांसारख्या हलक्या मालासाठी केलेले असतात. टॉवेलचे वजन त्यांना पेलत नाही. सहा महिन्यांत दांड्या झोळीसारख्या लोंबू लागतात. त्यापेक्षा आपल्या मालाच्या मापाने गल्लीतल्या वेल्डरकडून करून घेणे बरे. दुकानदाराला हवा तसा स्टँड मिळतो आणि कारागिराच्या हातात एक नवे काम येते. खिडकीच्या जाळ्या आणि ग्रिल करणाऱ्याला हे हुन्नर अवघड नाही. मात्र माप आणि हिशोब दोघांनाही कळला पाहिजे, म्हणून हा लेख.

सुरुवात मालापासून

आधी स्टँड आणि मग त्यावर काय ठेवायचे, हा उलटा क्रम झाला. प्रथम माल मोजावा, घडी ठरवावी आणि वजन काढावे. अंगाचा टॉवेल साधारण ३० बाय ६० इंचांचा असतो, म्हणजे सुमारे १.१६ चौरस मीटर. ४०० जी.एस.एम.चा असेल तर त्याचे वजन ४६५ ग्रॅम भरते. एका दांडीवर असे चार टॉवेल टांगले की जवळपास दोन किलो झाले. १४ बाय २१ इंचांचा ३०० जी.एस.एम.चा नॅपकिन मात्र ५७ ग्रॅमचाच. डझनभर टांगले तरी पाऊण किलोच्या आतच. म्हणून हिशोब टॉवेलचा धरावा, नॅपकिन त्यात आपोआप बसतात.

टॉवेलची रुंदी दुमडून १५ इंच केली, लांबी दुमडून ३० केली आणि तो दांडीवर टाकला की दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा इंच लोंबतो. यावरून दांडीची लांबी १८ इंच ठरली: पंधरा इंच मालाला, दीड-दीड इंच दोन्हीकडे हात घालायला.

आकाराचे दोन-तीन प्रकार होऊ शकतात. आम्हाला जिन्यासारखा उतरता प्रकार सर्वांत सोयीचा वाटतो. उंची ४ फूट, तळाची खोली १८ इंच. मागची बाजू उभी सरळ, पुढची उतरती, म्हणजे बाजूने पाहिले तर त्रिकोण. पहिली दांडी माथ्यावर ४८ इंचांवर, दुसरी ३६ वर, तिसरी २४ वर. दांडी बारा इंच खाली आली की साडेचार इंच पुढे येते. वरच्या टॉवेलचे बारा इंच गिऱ्हाइकाला दिसतात आणि खालचे तीन इंच पुढच्या मालाआड जातात. दिसायला हे भरगच्च वाटते, आणि रंगाची किनार असलेला माल असेल तर किनार पुढच्या बाजूला कुठे येते ते पाहूनच घडी घालावी. तळाशी तीन इंच काठाची तारेची ताटली करावी. तिच्यात दस्तरखान आणि फडक्यांच्या घड्या राहतात.

काही दुकानदार पुढे आलेल्या सुट्या आकड्यांचा आग्रह धरतात. त्यांना आमचा विरोध आहे. अडीच-तीन फुटांवर पुढे आलेले तारेचे टोक लहान मुलाच्या डोळ्याच्या पातळीवर येते. रमजानच्या गर्दीत आई माल बघत असते आणि मूल स्टँडभोवती फिरत असते. आकडे हवेच असतील तर एकाच तारेचा इंग्रजी यू आकाराचा बाक करावा. त्याला कापलेले टोक राहत नाही, माल अडकत नाही आणि दोन तारा मिळून वजनही चांगले पेलतात.

तार किती जाड?

कारागीर म्हणतो, आठ गेज पुरेल. आठ गेज म्हणजे ४.०६ मि.मी. आणि सहा गेज म्हणजे ४.८८. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हे नव्या दुकानदाराने लक्षात ठेवावे. दांडीचा वाक तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. १८ इंचांच्या दांडीवर दोन किलो माल पसरला आणि दोन्ही टोके नुसती टेकलेली धरली, तर ४ मि.मी.ची तार मधोमध सुमारे एक सेंटिमीटर वाकते, ५ मि.मी.ची चार मि.मी. आणि ६ मि.मी.ची दोनच मि.मी. टोके वेल्ड केलेली असली की वाक याहून कमी होतो. म्हणून टांगायच्या दांड्यांना ५ मि.मी., बाजूच्या चौकटींना ६ आणि ताटलीला ४ मि.मी. अशी वाटणी आम्ही सुचवतो.

लांबीचे गणितही असेच कडक आहे. तेवढ्याच मालासाठी दांडी १८ ऐवजी ३६ इंचांची केली की वाक आठपट होतो. दुकानात जागा आहे म्हणून एक लांब स्टँड करण्यापेक्षा दोन लहान शेजारी ठेवावेत.

आता वजन. तारेचा व्यास मि.मी.मध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा आणि १६२ ने भागा. मीटरला किती किलो ते मिळते. ६ मि.मी.ला २२२ ग्रॅम, ५ ला १५४, ४ ला ९९. आपल्या स्टँडला दोन त्रिकोणांसाठी सहा मीटर जाड तार, मागच्या पावलांसकट सहा मीटर तीस सेंटिमीटर. तीन टांगायच्या दांड्या, तळाची पुढची आणि मागच्या दोन, अशा सहा दांड्यांना पावणेतीन मीटर ५ मि.मी. तार. ताटली आणि मागचा तिरपा ताण मिळून सव्वासात मीटर ४ मि.मी. तार. सगळे मिळून साडेदोन-पावणेतीन किलो. तुटाफुटीचे दहा टक्के धरून या आकड्याला त्या दिवसाच्या तारेच्या भावाने गुणले की लोखंडाची किंमत निघते. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला विचारा नाहीतर आपल्या गावच्या लोखंडबाजारात, पण भाव विचारल्याशिवाय कारागिराशी बोलायला बसू नये.

इथे एक मेख आहे. नगाच्या भावाने ठरवले तर बारीक तार लावण्याचा मोह होतो. आठऐवजी नऊ गेज लावली तर लोखंड एकोणीस टक्के वाचते आणि डोळ्यांना फरक कळत नाही, वाक मात्र दीडपट होतो. उलट किलोच्या भावाने ठरवले तर गरज नसताना जाड तार येते. म्हणून ऑर्डरच्या चिठ्ठीवर तारेचा व्यास आणि तयार स्टँडचे वजन या दोन्ही गोष्टी लिहाव्यात. माल घेताना व्हर्नियर आणि काटा दोन्ही लावावेत. यात अविश्वास नाही, दोघांचीही सोय आहे. प्रामाणिक कारागिराला अशा चिठ्ठीचा फायदाच होतो, कारण स्वस्त सांगणाऱ्या शेजाऱ्याशी त्याची तुलना सारख्या मालावर होते.

वळवणे आणि जोडणे

तार वेटोळ्यातून घेतली तर आधी सरळ करून घ्यावी. हातोडीने ठोकून सरळ केलेली तार रंग दिल्यावर लाटांसारखी दिसते. सरळ कापलेले तुकडे मिळत असतील तर थोडा जास्त भाव देऊन तेच घ्यावेत.

त्रिकोण एकाच तारेचा करावा. जोड कोपऱ्यावर घेऊ नये, तळाच्या बाजूच्या मध्यावर घ्यावा, म्हणजे तो ताटलीखाली झाकतो. माथ्याचा कोन फार अरुंद, जेमतेम वीस अंशांचा आहे. तिथे तार एक इंच जाडीच्या खुंटीभोवती वळवावी. बोथट पक्कडीत दाबून वळवली तर तिथेच चीर पडते. वळवलेली तार सोडली की थोडी मागे उघडते, म्हणून दोन-चार अंश जास्त वळवावे लागते. किती ते त्या तारेच्या तुकड्यावर करून पाहावे, प्रत्येक वेटोळ्याचा स्वभाव वेगळा असतो. जाड पत्र्यावर खुंट्या वेल्ड करून साचा बनवला की दहा स्टँडचे वीस त्रिकोण एकसारखे निघतात. एकावर एक ठेवून पाहावे. फरक दिसला तर तिथेच दुरुस्त करावा, जोडल्यावर तो स्टँडच्या डुगडुगण्यात दिसतो.

जोडण्यासाठी स्पॉट वेल्डिंग उत्तम, पण ते मशीन सर्वांकडे नसते. साध्या वेल्डिंगने करताना ग्रिलसाठी वापरतात ती दहा नंबरची कांडी लावू नये, ४ मि.मी.ची तार तिने जळून तुटते. बारा नंबरची, म्हणजे अडीच मि.मी.ची कांडी आणि करंट कमी. आधी सगळीकडे नुसते टाके मारावेत. मग मागच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. ते सारखे भरले तर स्टँड काटकोनात आहे. त्यानंतरच जोड पक्के करावेत. मागच्या बाजूला एक तिरपी तार लावायला विसरू नये. चार बाजूंचा चौकोन ढिल्या खाटेसारखा कलतो, त्यात एक तिरपा ताण टाकला की दोन त्रिकोण होतात आणि तो जागचा हलत नाही. खर्च सव्वा मीटर तारेचा, म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅमचा.

गंज लागू नये म्हणून काही जण जस्त चढवलेली जी.आय. तार आणतात. ती वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो. बंद खोलीत तो छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. शिवाय जोडावरचे जस्त जळून नेमका तिथेच गंज धरतो. तेव्हा साधी तार घ्यावी आणि जोडकाम संपल्यावर पावडर कोटिंग करावे. सफेद टॉवेलला गंजाचा एक डाग पडला की तो नग गेला, म्हणून हा खर्च वाचवू नये. कोकणपट्टीत आणि भिवंडी-मुंबईच्या दमट हवेत तर मुळीच नाही. कोटिंगपूर्वी तेल आणि गंज काढून फॉस्फेटिंग झाले आहे ना, हे विचारावे. त्याशिवाय पावडर वर्षभरात पापुद्र्यासारखी सुटते.

कोटिंगवाला भाव चौरस फुटांवर सांगतो तेव्हा तो बहुधा चार फूट बाय दीड फूट, म्हणजे सहा चौरस फूट धरतो. तारेचा प्रत्यक्ष पृष्ठभाग पावणेतीन चौरस फूटच आहे. ही गोष्ट बोलणी करताना कामी येते. परंतु तारांमधल्या मोकळ्या जागेतून बरीच पावडर वाया जाते, हे त्याचे म्हणणेही खोटे नाही. मधला भाव ठरवावा आणि स्टँड पाच-दहा एकदम पाठवावेत.

कोटिंगला पाठवण्यापूर्वी एक परीक्षा जरूर करावी. जुना टॉवेल हातात घेऊन सबंध स्टँडवरून फिरवावा. जिथे लूप अडकेल तिथे वेल्डिंगचा शिंतोडा किंवा कापलेले टोक आहे. तिथे कानस मारावी. डोळ्यांना न दिसणारी खोट टॉवेलला बरोबर सापडते.

तोल

स्टँड भरलेला असताना, म्हणजे दांड्यांवर सहा किलो आणि ताटलीत चार किलो माल धरला तर, तो पुढे पाडायला माथ्यावर सुमारे तीन किलोचा ओढा लागतो. रिकामा असेल तर अर्ध्या किलोच्या ओढ्यानेही जातो. मागच्या बाजूला मात्र भरलेला स्टँडही पावणेदोन किलोच्या धक्क्याने पडेल, कारण माथ्यावरचा माल अगदी मागच्या काठावर टांगलेला असतो. म्हणून मागे भिंत असावी, नाहीतर तळाच्या तारांना मागे सहा-सहा इंचांची पावले काढावीत. ती काढली की मागचा तोलही तीन किलोंच्या वर जातो. त्यांची टोके आत वळवून ठेवावीत, पायाला लागणार नाहीत.

आठवडी बाजारात मांडणाऱ्यांनी ताटलीत कापडाखाली दोन विटा ठेवाव्यात. सहा-एक किलो वजन तळाशी आले की पुढचा ओढा चार किलोंवर जातो. विक्री होत जाईल तसा माल प्रथम वरच्या दांडीवरून काढावा आणि ताटली शेवटपर्यंत भरलेली ठेवावी. दुकानात पोरगा ठेवला असेल तर त्याला हे पहिल्याच दिवशी सांगावे, कारण तो सवयीने खालचा माल आधी देतो.

बाजारोबाजार फिरणाऱ्यांना पक्का जोडलेला स्टँड रिक्षात जड जातो, कारण तो एकात एक बसत नाही. त्यांच्यासाठी पुढची आणि मागची चौकट वेगवेगळी करून माथ्यावर कड्यांनी अडकवावी आणि तळाशी दोन्ही बाजूंना साखळी लावावी, घडीच्या शिडीसारखी. ताटली सुटी, वरून टाकायची. अशा स्टँडला डुगडुग थोडी राहते आणि कडी झिजते. कडीच्या जागी ६ मि.मी. तार वापरली आणि मोसमात एकदा बदलली तर काम चालते.