अंगात येणे व संगीत

दैवी शक्तीचा संचार झाला आहे या भावनेने व्यक्तीच्या जाणिवेत, बोलण्यात व हालचालींत तात्पुरता बदल होणे, यास ‘अंगात येणे’ किंवा ‘वारे येणे’ म्हणतात. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत ठाकर, कातकरी व महादेव कोळी या जमातींची वस्ती आहे. आजारपणात वा संकटात भगताचा सल्ला घेण्याची प्रथा त्यांच्यात आढळते. कर्जत तालुक्यातील ढाकचा बहिरी हे ठाकरांचे एक श्रद्धास्थान होय. धार्मिक प्रसंगी ढोलाची लय वाढत जाते, एखादा घुमू लागतो व त्याच्या मुखातून देव बोलतो अशी श्रद्धा असते. भ्रमोत्पादक द्रव्य या विधीस आवश्यक नसते.

ठेक्याच्या आघातांचा मेंदूवर थेट परिणाम होतो, असे अँड्रू नेहर याने १९६२ मध्ये सुचविले. फ्रेंच संगीतज्ञ गिल्बेर रूजे याने १९८० मध्ये हे मत खोडून काढले. लग्नात ढोल कितीही वेळ वाजला, तरी वऱ्हाडी घुमत नाहीत. त्या वादनाला समाजाने दिलेला अर्थच परिणामकारक ठरतो.

एलएसडी, सायलोसायबिन यांसारख्या भ्रमोत्पादक औषधांच्या साहाय्याने होणाऱ्या मानसोपचारातही हेच तत्त्व दिसते. अशा उपचारात रुग्ण डोळ्यांवर पट्टी बांधून संगीत ऐकतो व उपचारक जवळ बसतो. हेलन बॉनी व वॉल्टर पाँके यांच्या १९७२ मधील लेखात औषधाच्या चढउताराच्या टप्प्यांनुसार संगीत निवडण्याची पद्धत मांडली आहे. मेंडेल केलेन व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये नैराश्याच्या १९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नंतरच्या सुधारणेचा संबंध औषधाच्या तीव्रतेपेक्षा रुग्णाला संगीत कितपत भावले याच्याशी आढळला. म्हणून परके वा नावडते संगीत अपायकारकही ठरू शकते.

दोन्ही ठिकाणी मन सूचनाक्षम झालेले असते. त्यामुळे दिशा देणाऱ्याची जबाबदारी मोठी असते. सर्पदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. एलएसडी व सायलोसायबिन यांवर भारतात १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याचे निर्बंध आहेत. छिन्नमानसाच्या रुग्णांना या औषधांच्या चाचण्यांतून सामान्यतः वगळतात. संगीत रुग्णास धीर देते. मात्र रोगनिदान व औषधयोजना यांची जागा ते घेऊ शकत नाही.