पाण्यासकट मांडलेली फुले

फुलदाणीतले पाणी फुले टिकावीत म्हणून असते. त्याच्याकडे कोणी बघत नाही. मोरिबाना या जपानी पुष्परचनेत मात्र पाणी हा देखाव्याचाच भाग. पसरट, उथळ तबकात एका कडेला फांद्या, पाने, फुले उभी करायची आणि बाकीचे पाणी मोकळे सोडायचे. उन्हाळ्यात तर जरा जास्तच, बघणाऱ्याला गारवा वाटावा म्हणून.

इकेबाना या जपानी पुष्परचनेच्या एकूण परंपरेच्या मानाने हा प्रकार अलीकडचा. क्योटोच्या रोक्काकुदो मंदिरातल्या इकेनोबो परंपरेतील सेन्केई यांच्या पुष्परचनेची नोंद १४६२ची आहे. मोरिबाना आली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. ती आणली ओहारा उनशिन यांनी. शिल्पकार व्हायचे मनात धरून ते ओसाकाला आले होते. परदेशातून जपानात येऊ लागलेली आखूड देठांची फुले जुन्या उंच, ताठ रचनांत बसत नव्हती. त्यांनी ती सरळ तबकात उतरवली.

फांदी उभी राहते ती केन्झानवर. शिशाच्या जड बैठकीवर दाट पितळी सुया. फांदी तिरकी कापून आधी सरळ खोचायची, मगच हवी तिकडे कलवायची. पहिल्यापासून तिरकी खोचली की निसटते. वेल हे हट्टी प्रकरण. तिचा बारीक देठ दोन सुयांच्या मधून खुशाल घसरतो, म्हणून त्याला जाड देठाचा तुकडा बांधून मग रोवतात. शेंडा तबकाच्या काठावरून खाली सोडला की झाले. देठ कापायचा तोही पाण्यात बुडवून, म्हणजे त्याच्या नलिकांत हवा शिरत नाही आणि पाणी वर चढत राहते. कमळ तेवढ्यानेही ऐकत नाही. त्याच्या पोकळ देठात पिचकारीने पाणी भरावे लागते.

मापेही ठरलेली. इकेबानाच्या सोगेत्सु शाळेच्या प्राथमिक पाठात तबकाचा व्यास आणि खोली यांच्या बेरजेची दीडपट ही मुख्य फांदी, तिच्या पाऊणपट दुसरी, दुसरीच्या पाऊणपट तिसरी. ३० सेंटिमीटर रुंद, ५ सेंटिमीटर खोल तबकाला मुख्य फांदी साडेबावन्न सेंटिमीटरची. जलआयरिसची पाने तर सुटी करून, लांबी-वळण बघून पुन्हा जुळवतात आणि ती तशीच उगवल्यासारखी दिसली पाहिजेत! एवढी लबाडी मला मान्य आहे.

आपल्याकडे हॉटेलांच्या दारात पितळी उरळीत पाकळ्या तरंगत असतात. दिसायला छान, पण फुलाला तिथे देठच उरत नाही.

मुंबई-पुण्यात इकेबानाचे वर्ग चालतात. पण घरी करून बघायला कर्दळीचे पान, मधुमालतीची वेल आणि दोन जरबेरा पुरेत. केन्झान मात्र चांगला जड घ्या, पाण्यात बुडणारी पाने आधीच खुडा आणि पाणी रोज बदला.