सफरचंदाचा परिमळ

बंगळूरच्या बसवनगुडीतील गांधी बाजारात काश्मीर-हिमाचलाची सफरचंदे एप्रिल-मे महिन्यांतही विकावयास असतात. त्यांचा रंग तांबडाबुंद आणि गर कुरकुरीत असतो. परंतु फळ नाकाशी धरले तर वास जेमतेमच येतो. तो जातो कोठे?

सफरचंदाचा परिमळ मुख्यतः एस्टर वर्गातील संयुगांचा असतो. ब्युटिल ॲसिटेट आणि हेक्झिल ॲसिटेट ही त्यांतील ठळक नावे. ती अधिक प्रमाणात सालीतच तयार होतात. साल सोलून खाणारा ती सुरीबरोबर फेकून देतो! फळ पिकू लागले की त्यातून एथिलीन वायू सुटतो व त्याच्या प्रेरणेने एस्टर बनू लागतात. म्हणून दूरच्या पेठेसाठी फार लवकर खुडलेल्या फळाला पुरता वास येतच नाही.

प्रचलित जातींच्या झाडांना हिवाळ्यात दीर्घकाळ कडाक्याची थंडी लागते. ती बंगळूरला नाही. तेव्हा शरदात उतरवलेले फळ महिनोगणती साठवावे लागते. केंब्रिज येथे किड आणि वेस्ट या शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात या साठवणीचा पाया घातला. हवेत सुमारे २१ टक्के असणारा प्राणवायू आजच्या अशा कोठारांत १ ते ३ टक्क्यांवर आणतात. फळाचा श्वास मंदावतो, गर टणक राहतो. मात्र एस्टरांना लागणारी मेदाम्लांची घडामोडही त्याबरोबर थंडावते. बाहेर काढून उबेत ठेवल्यावर वास काही अंशी परततो. साठवण जितकी लांबलेली, तितका तो कमी परततो.