पोचे पडलेला साइड ड्रम : काय बदलावे आणि काय राखावे

आपल्या शाळेच्या बँडपथकातील पितळी साइड ड्रम अनेक माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेल. 26 जानेवारीचे संचलन असो, 14 एप्रिलची मिरवणूक असो वा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम असो, पहिला ठोका याच ड्रमवर पडत आला. तो ज्या वर्गणीतून घेतला, त्या वर्गणीच्या वहीत दोन-दोन, पाच-पाच रुपयांच्या नोंदी आहेत आणि त्यांतील बहुतेक नावे मजुरी करणाऱ्या पालकांची आहेत. जयंतीच्या मिरवणुकीहून परतताना हा ड्रम टेम्पोतून रस्त्यावर पडला. ज्या विद्यार्थ्याच्या हाती तो होता, त्याने दुसऱ्या दिवसापासून सरावाला येणे बंद केले. कार्यालयात निर्लेखनाचा प्रस्ताव तयार झाला. नवा ड्रम घेणे अशक्य नव्हते. तथापि आम्ही आधी दुरुस्ती करून पाहण्याचे ठरविले. असे पोचलेले ड्रम गावोगावच्या पथकांत आणि शाळांत अडगळीत पडून असतात, म्हणून या कामात जे शिकलो ते येथे मांडत आहोत.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊ. खांद्यावरील पट्ट्याने कमरेच्या बाजूला अडकवून वाजवावयाचा, म्हणून तो साइड ड्रम. युरोपातील सैन्यांत पायदळाला हुकूम कळविण्यासाठी तो वाजविला जाई. इंग्रजी फौजेबरोबर तो आपल्या देशातील छावण्यांत आला आणि तेथून लग्नाच्या बँडांत व शाळांच्या कवायतीत शिरला. मेरठची जली कोठी ही वस्ती बँडची वाद्ये बनविण्यासाठी आजही प्रसिद्ध आहे.

धातूच्या गोल अंगाला शेल म्हणतात. त्याच्या वरच्या व खालच्या काठावर एकेक पान बसते. पानावर रिंग, आणि रिंगेतून जाणारे बोल्ट शेलवरील घरांत आवळले की पान ताणले जाते. खालच्या पानाला बारीक पिळदार तारांची पट्टी टेकलेली असते. वरच्या पानावर काडी पडली की आतली हवा खालच्या पानाला हलविते, पान तारांना हलविते आणि तो ओळखीचा 'खर्र' नाद उमटतो. बाजूचा खटका सोडला की तारा पानापासून दूर होतात आणि ड्रम साध्या ढोलकासारखा घुमतो. पूर्वी पाने वासराच्या कातड्याची असत. पावसाळी हवेत ती सैल पडत. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पॉलिएस्टरची पाने आली आणि ती अडचण संपली.

दुरुस्तीचा पहिला नियम असा की हातोडा उचलण्यापूर्वी सर्व भाग सुटे करावेत आणि ते कोठून निघाले याची नोंद ठेवावी. आम्ही प्रत्येक घराला खडूने क्रमांक दिला आणि त्याचे बोल्ट त्याच क्रमांकाच्या डबीत ठेवले. गंजून अडकलेल्या बोल्टांवर जोर केला नाही. त्यांच्या पेचात तेल सोडून ते रात्रभर तसेच ठेवले. सोळापैकी तेरा बोल्ट सुटले. तीन कापावे लागले. नवे घेताना जुना नमुना दुकानात नेला, कारण निरनिराळ्या कारखान्यांचे पेच एकमेकांना जुळतातच असे नाही.

दुसरा नियम, धातू ओळखावा. लोहचुंबक चिकटला तर शेल पोलादी. न चिकटला तर पितळ किंवा ॲल्युमिनियम. आतील बाजूस किंचित खरवडले की पिवळा रंग पितळेची साक्ष देतो. आमचा ड्रम पितळेचा, वरून क्रोमचा मुलामा दिलेला. पोलादाचा मुलामा उडाला तर तेथे गंज धरतो. पितळ केवळ काळवंडते. म्हणून उडालेल्या मुलाम्याची आम्ही चिंता केली नाही. मुलामा कोरडा घासू नये आणि त्यावर ज्योत धरू नये, हे मात्र मुलांना बजावून सांगितले. त्याची धूळ आणि धूर दोन्ही घातक असतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पोटावरचा पोचा डोळ्यांना खुपतो, परंतु आवाज बिघडतो तो काठावरच्या पोच्याने. पान ज्या काठावर टेकते तो सपाट नसेल तर ताण सर्वत्र सारखा येत नाही आणि ड्रम बोदा वाजतो. काठ तपासण्याची रीत सोपी आहे. जाड, सपाट काचेवर शेल उभा ठेवावा, आत विजेरी लावावी आणि खोलीत अंधार करावा. जेथून उजेडाची रेघ बाहेर पडते तेथे काठ खाली गेला आहे. आमच्या ड्रमच्या वरच्या काठाखालून एका जागी ठळक उजेड दिसला. खालच्या काठाखालून मात्र समोरासमोर दोन ठिकाणी उजेड आला. आमच्या एका सहकाऱ्यांनी त्या दोन्ही जागा पोचे समजून खडूने खुणा केल्या. वास्तविक त्या दोन उथळ खोलगट जागा कारखान्यातच केलेल्या असतात. तारांची पट्टी त्यांवरून जाते म्हणून ती पानाला नीट टेकते. त्या 'दुरुस्त' केल्या असत्या तर ड्रम कायमचा बिघडला असता. दोष कोणता आणि रचना कोणती हे समजून घेतल्यावाचून सुधारणा करू नये, हा धडा आम्हां शिक्षकांना त्या अंधाऱ्या खोलीत मिळाला.

पत्र्याच्या कामासाठी आम्ही एका तांबट कारागिरांकडे गेलो. पुण्याच्या तांबट आळीत तांब्यापितळेची भांडी ठोकून त्यांवर जे घाटदार काम करतात त्याला मठारकाम म्हणतात. हे कारागीर त्याच कामातील. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, "गुरुजी, पाडला कोणी?" आम्ही नाव सांगितले नाही. "त्याला घेऊन या," ते म्हणाले. "ज्याने पाडला त्याचा हात हलका पडतो."

तो विद्यार्थी आला. शेल वाळूच्या पिशवीवर आडवा ठेवून त्याच्या हाती लाकडी मोगरी दिली. पोच्याच्या मध्यावर एकदम घाव घालायचा नाही. आतील बाजूने कडेपासून आरंभ करून वर्तुळाकार मध्याकडे यायचे आणि हलके, पुष्कळ ठोके द्यायचे. जोराने ठोकल्यास पत्रा पातळ होऊन पसरतो; मग तो बोटाने दाबताच आतबाहेर होऊ लागतो आणि ते दुखणे पोच्याहून वाईट. ठोकून ठोकून पितळ कडकही होते. भांड्याच्या कामात ते तापवून पुन्हा मऊ करतात. परंतु येथे मुलामा होता आणि शेलचा सांधा डाखाचा होता, म्हणून तापविणे टाळले आणि अधिक वेळ दिला. काठाचा वाकलेला भाग आतून-बाहेरून लाकडी ठोकळ्यांच्या आधाराने थोडा थोडा सरळ केला. प्रत्येक वेळी शेल काचेवर ठेवून उजेड पाहिला. तिसऱ्या दिवशी उजेडाची रेघ मिटली.

हे दृश्य पाहताना इतिहासाच्या शिक्षकाला काही आठवणे स्वाभाविक आहे. गावगाड्यात वाद्य कोणी वाजवायचे आणि धातू कोणी घडवायचा, दोन्ही जन्माने ठरत असे. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कित्येकांच्या हाती हलगी आणि दवंडी आली ती आवडीने नव्हे. वतनाच्या नावाखालील त्या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महार वतनासह कनिष्ठ वतने कायद्याने रद्द झाली ती 1958 च्या अधिनियमाने. आज आपला मुलगा गणवेश घालून स्वेच्छेने ड्रम वाजवितो आणि एक तांबट त्याला आपल्या घराण्याची विद्या विनासंकोच शिकवितो. हा बदल लहान मानू नये.

जोडणीही क्रमाने केली. बोल्टांच्या पेचांना किंचित व्हॅसलीन लावले. वरचे पान सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे, खालचे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही पातळ. खालच्या पानावर कधीही काडी मारू नये. बोल्ट प्रथम बोटांनी बसविले, मग चावीने अर्धा-अर्धा फेरा आवळले. एक आवळला की त्याच्या शेजारचा न घेता समोरचा घेतला, म्हणजे पान एका बाजूला ओढले जात नाही. नंतर प्रत्येक बोल्टाजवळ, काठापासून दोन बोटे आत, हलकी टिचकी मारून स्वर जुळविला. तारांची पट्टी शेवटी बसविली आणि ती केवळ टेकेल एवढीच ओढली. अति ओढलेल्या तारा नाद गुदमरवितात.

संयुत्त निकायातील 'आणि सुत्ता'त ढोलाच्या दुरुस्तीचा दाखला आहे. दशार्हांचा आनक नावाचा ढोल होता. तो जेथे जेथे फुटे तेथे तेथे ते नवी खुंटी ठोकीत. असे होता होता मूळ ढोल नाहीसा झाला आणि केवळ खुंट्यांचा सांगाडा उरला. गंभीर उपदेश ऐकण्याचे सोडून लोक केवळ शोभिवंत रचनांना कान देऊ लागतील तेव्हा धम्मवचनांचे असेच होईल, असा इशारा तथागतांनी तेथे दिला आहे. त्यांनी दुरुस्तीला दोष दिलेला नाही, असे आम्हांस वाटते; मूळ अंग किती उरले याचा हिशेब कोणी ठेवला नाही, हा तेथील दोष.

म्हणून आम्ही आपल्या ड्रमचा हिशेब मांडला. बदलले ते : दोन पाने, तारांची पट्टी, खटका आणि तीन बोल्ट. राहिले ते : शेल, दोन्ही रिंगा, बोल्टांची सर्व घरे आणि तेरा बोल्ट. ही यादी तारखेसह वर्गणीच्या त्याच जुन्या वहीत, देणगीदारांच्या नावांखाली लिहून ठेवली आहे. पुढे जो कोणी दुरुस्ती करील त्याने आपली नोंद तिच्याखाली करावी.

ड्रम पूर्वीसारखा दिसत नाही. पोटावर हात फिरविला तर मोगरीच्या खुणा लागतात आणि एका बाजूला मुलामा नाही. आवाज मात्र स्वच्छ आहे. महोत्सवाच्या दिवशी संचलनाचा पहिला ठोका त्याच ड्रमवर, त्याच विद्यार्थ्याच्या हातून पडेल. वर्गणी देणाऱ्यांपैकी जे हयात आहेत त्यांनी आणि इतरांच्या मुलानातवंडांनी तो ऐकण्यास अवश्य यावे, ही नम्र विनंती.

जय भीम.