ललितकलेच्या पदवीचें एक दप्तर

(१) जुन्या कागदांचा संग्रह करणारे आपण लोक एखादा रुमाल सोडतों, तो त्यांत सनद, महजर, निदान जमाखर्चाची एखादी फर्द तरी मिळेल या आशेनें. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला रुमाल त्या जातीचा नाहीं. तो जुन्या लुगड्याच्या फडक्यांत बांधलेला असून त्यांत १९९२ ते १९९६ या चार वर्षांत एका विद्यार्थ्यानें ललितकलेच्या पदवीसाठीं केलेलीं चित्रें, रेखाटनें व टिपणें अशीं लहानमोठीं दोनशेंवर पानें आहेत. हा विद्यार्थी वरळीच्या बी. डी. डी. चाळींत वाढला व शाळेंत आमच्या हाताखालीं संस्कृत शिकला. चाळी पाडून तेथें उंच इमारती होत असल्यामुळें खोली रिकामी करतांना पोटमाळ्यावर हें बाड त्यास सांपडलें, आणि तें ठेवावें कीं रद्दींत घालावें, हें विचारण्यास तो आमचेकडे आला. तीसपस्तीस वर्षांपलीकडे ज्यांचें वय नाहीं अशा कागदांस ऐतिहासिक साधन म्हणावें काय, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. तो प्रथम आमच्याही मनांत आला. बाड तपासल्यावर मात्र, म्हणावें, असें आमचें मत झालें. तें कां झालें हें सांगण्यापूर्वीं ही पदवी काय आहे व तिचे कागद कसे वाचावे याचा थोडा विचार कर्तव्य आहे.

(२) सर जमशेटजी जीजीभाई यांनीं १८५३ सालीं कलाशिक्षणासाठीं एक लक्ष रुपये देऊं केले, आणि १८५७ च्या मार्च महिन्यांत मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेंत चित्रकलेचा वर्ग उघडला. पुढें सर जे. जे. कलाशाळा म्हणून प्रसिद्धीस आली ती हीच. लॉकवुड किप्लिंग व जॉन ग्रिफिथ्स हे अध्यापक विलायतेहून १८६५ सालीं आले. फोर्टांतील इमारत १८७८ सालची आहे. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० सालीं या शाळेंत विद्यार्थी म्हणून दाखल झाले, तेथेंच अध्यापक झाले, आणि 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' या नांवाचें आपलें आठवणींचें पुस्तक त्यांनीं १९४० सालीं प्रसिद्ध केलें. त्या काळच्या कलाशिक्षणाचें इतकें घरगुती व विश्वसनीय साधन मराठींत दुसरें क्वचितच असेल.

येथें पदविका व पदवी यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. मुंबईच्या चित्रकारांच्या नांवापुढें 'जी. डी. आर्ट' हीं अक्षरें आढळतात, ती सरकारी पदविका होय. विद्यापीठाची पदवी नव्हे. १९५० सालीं बडोद्यास महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयांत ललितकलेची स्वतंत्र शाखा निघाली व चित्रकार ना. श्री. बेंद्रे हे तेथें अध्यापक झाले. चित्रकला हा पदवीचा विषय होण्याच्या इतिहासांत त्या घटनेस मोठें स्थान आहे. मुंबईची कलाशाळा मुंबई विद्यापीठास जोडली गेली ती १९८१ सालीं, म्हणजे स्थापनेनंतर सव्वाशें वर्षें लोटल्यावर. पुढें २०२३ सालीं तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. हा भेद केवळ नांवाचा नव्हे. गिरणींत काम करणाऱ्या बापास 'डिप्लोमा' म्हणजे एखादा कारागिरीचा दाखला वाटे; 'बी. एफ्. ए.' हीं अक्षरें मात्र बी. ए. च्या पंक्तीस बसत. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं अनुमति दिली ती या एका अक्षरामुळें, असें तो सांगतो. त्या प्रसंगीं आमचाही सल्ला विचारण्यांत आला होता, व मुलास वाणिज्यशाखेकडे घालावें असा सल्ला आम्हीं दिला होता, हें येथें नमूद करून ठेवणें उचित होय.

(३) चित्रविद्येचा अभ्यासक्रम हा विचार आपणांस नवा नाहीं. विष्णुधर्मोत्तराच्या तृतीय खंडांत वज्र राजा मार्कंडेयास मूर्ति कशी करावी हें विचारतो. चित्रसूत्र जाणल्यावांचून मूर्ति कळत नाहीं, नृत्य जाणल्यावांचून चित्र कळत नाहीं, वाद्यावांचून नृत्य नाहीं आणि गीतावांचून वाद्य नाहीं, असें मुनि सांगतात. कोणता विषय कोणत्या विषयाच्या आधीं शिकावा, याचाच हा निर्णय आहे. कामसूत्रावरील जयमंगला टीकेंत यशोधरानें रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य व वर्णिकाभंग अशीं चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत. आणि बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत भिंत घोटण्यापासून कुंचली बांधण्यापर्यंतचा विधि आहे.

आजचा पदवीक्रम चार वर्षांचा आहे. बारावी झाल्यावर प्रवेशपरीक्षा देऊन विद्यार्थी येतो. पहिलें वर्ष सर्वांस सामान्य असतें. त्यांत वस्तुचित्रण, निसर्गचित्रण, संकल्पचित्र, त्रिमित रचना, रंगसिद्धांत असे विषय येतात. पुढें रेखा व रंगकला, शिल्पकला इत्यादि शाखा फुटतात. रेखा व रंगकलेंत प्रथम ग्रीक मूर्तींच्या प्लॅस्टरच्या प्रती पाहून छायाप्रकाश व प्रमाण साधावयाचें, मग जिवंत माणसाचें मस्तक, मग पूर्ण देह, आणि शेवटीं अनेक देहांचें रचनाचित्र. त्याबरोबर कलेतिहास व सौंदर्यशास्त्र यांचे लेखी पेपर असतात. यशोधराचीं अंगें याच क्रमानें सांगितलेलीं नाहींत हें खरें. तथापि प्रमाणाकडून भावाकडे जाण्याची वाट दोन्हीकडे एकच आहे.

या अभ्यासांत जलद रेखाटन म्हणून एक नित्याचें काम असतें. वाटेंत, स्थानकावर, बाजारांत जें दिसेल तें दोनचार मिनिटांत रेखावयाचें व कोपऱ्यांत दिनांक घालावयाचा. कांहीं अध्यापक वेळही लिहावयास लावतात. संग्राहकाच्या दृष्टीनें या कोपऱ्यांतल्या ओळीचें मोल पोथीच्या पुष्पिकेइतकें आहे.

(४) विद्यार्थ्याचें सरावाचें काम हें साधन कसें होतें याचा मोठा दाखला अजिंठ्याचा आहे. रॉबर्ट गिल यानें तेथील भित्तिचित्रांच्या केलेल्या प्रतींपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. पुढें ग्रिफिथ्स यानें कलाशाळेचे विद्यार्थी बरोबर नेऊन १८७२ ते १८८५ या काळांत पुन्हा प्रती करविल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टन येथें आगींत सांपडल्या. ज्या उरल्या त्या, व १८९६-९७ सालीं ग्रिफिथ्सनें छापलेला ग्रंथ, यांचें आजचें महत्त्व असें कीं, मूळ भिंतीवरील जो रंग पुढें उडाला त्याची साक्ष कांहीं स्थळीं त्यांतच राहिली आहे. मूळ पोथी कसरीनें खाल्ली व नकल राहिली, तर आपण नकलेस मूळाचा मान देतों. ती नकल विद्यार्थ्यानें केली म्हणून तिचा पाठ आपण टाकून देत नाहीं. हाच न्याय येथें लावावयाचा.

(५) आतां ज्या वास्तूंत हें बाड तयार झालें तिच्याकडे वळूं. गव्हर्नर लॉईड यांच्या कारकीर्दींत १९२० सालीं स्थापन झालेल्या 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' या सरकारी खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें २०७ चाळी बांधल्या. पैकीं १२१ वरळीस. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस, म्हणजे एका चाळींत ८० खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. मधून मार्गिका, तिच्या दोन्ही बाजूंस खोल्या, व शौचकूप सामाईक. गिरणीकामगार, पोलीस, नगरपालिकेचे नोकर यांच्या तीनचार पिढ्या येथें नांदल्या.

पोथीच्या पानाची रुंदी ताडपत्राच्या रुंदीवरून ठरते, हें आपण जाणतों. या बाडांतील पानांचीं मापें खोलीवरून ठरलीं आहेत. चित्रकलेचा पूर्ण इंपीरियल कागद २२ इंच रुंद व ३० इंच लांब असतो. त्या मापाचीं पानें बाडांत थोडीं आहेत, व तीं सर्व दिवसा, वर्गांत केलेलीं, पाठीवर वर्गाची नोंद असलेलीं आहेत. घरीं केलेलीं पानें पाव कागदाचीं, म्हणजे ११ बाय १५ इंचांचीं किंवा त्याहून लहान आहेत. सात माणसांच्या खोलींत मोठा फळा आडवा टाकण्यास जागा नव्हती, इतकेंच त्याचें कारण. पूर्ण कागदांवर मधोमध घडी आहे, ती पोटमाळ्याच्या उंचीची. कोळशाच्या कांडीनें काढलेलीं चित्रें एकमेकांवर घासून त्यांची उलट छाप समोरच्या पानावर उमटली आहे. त्या छापेवरून मूळचा पानांचा क्रम आम्हांस लावतां आला.

सर्वांत जुनीं रेखाटनें आमच्याच संस्कृतच्या चांचणीपरीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर आहेत. एका बाजूस 'लक्ष नाहीं' असा आमच्या हातचा तांबडा शेरा आहे. दुसऱ्या बाजूस वर्गाच्या खिडकींतून दिसणारा जांबोरी मैदानाचा कडेचा भाग आहे, आणि त्यांत झाडाखालीं बसलेल्या माणसाचा बांक बिनचूक उतरला आहे. लक्ष होतें, तें कोठें होतें एवढेंच आम्हीं पाहिलें नव्हतें. एकाच पानावर दोन हस्तें आढळल्यास दोन्हींची नोंद करावी, असा आपल्या शास्त्राचा नियम असल्यानें ही नोंद येथें केली आहे.

(६) बाडांतील घरगुती पानांत एक विषय पुनःपुन्हा येतो. तो म्हणजे निजलेलीं माणसें. याचें कारण उघड आहे. वर्गांत बसणाऱ्या प्रतिरूपास पैसे द्यावे लागतात व तो संस्थेच्या वेळेंतच मिळतो. मार्गिकेंत चटई टाकून निजलेला शेजारी हलत नाहीं व कांहीं मागत नाहीं. त्यांतील एक देह सहज ओळखतां येतो: भिंतीकडे तोंड, उजवा हात उशाखालीं, एक पाऊल ट्रंकेवर टेकलेलें. हें रेखाटन चाळीसांवर पानांवर आहे. दिनांक व वेळ यांच्या क्रमानें तीं लावल्यावर असें दिसून आलें कीं, १९९४ च्या दिवाळीपर्यंत हा मनुष्य 'सकाळीं १०', 'दुपारीं १२-३०' अशा वेळीं निजलेला आहे. दिवाळीनंतर तो दिवसा निजलेला एकदांही नाहीं. तो 'रात्रौ १', 'रात्रौ २-१५' अशा वेळीं निजलेला आहे. दिवसाच्या पानांवर तो खिडकीशीं बसलेला असून, त्याचे नुसते हात निरनिराळ्या बाजूंनीं अनेकदां काढले आहेत. हातांचा सराव हा अभ्यासक्रमाचाच भाग असल्यामुळें त्यांत विद्यार्थ्यास वेगळें कांहीं वाटलें नसावें.

यावरून आम्हीं अनुमान केलें तें असें: हा मनुष्य रात्रपाळीस जात होता व १९९४ च्या हिवाळ्यांत त्याचें काम सुटलें. १९८२ च्या जानेवारींत सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, हा इतिहास सर्वश्रुत आहे; त्याच्याशीं हें जुळतें. हें अनुमान आम्हीं विद्यार्थ्यापुढें मांडिलें. तो बराच वेळ पानें चाळीत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, ते बाबा. गिरणीचें फाटक त्याच दिवाळीस बंद झालें. पण त्यांनीं आम्हांस चार महिने सांगितलें नव्हतें. रोज डबा घेऊन बाहेर पडत, आणि आम्हांला वाटे पाळी बदलली." तेव्हां खिडकीशीं बसलेला मनुष्य कोणत्या दिवसांचा, हें आम्हीं पुन्हा तपासलें. तीं पानें सर्व रविवारचीं किंवा फेब्रुवारीनंतरचीं निघालीं. जें घरांत कोणास ठाऊक नव्हतें, तें पुत्राच्या हातानें दिनांकासह कागदावर उतरलें होतें, व तें त्याचें त्यालाही ठाऊक नव्हतें. कारखान्याच्या दप्तरांत या मनुष्याची नोंद फार तर एका ओळीची असेल. त्या चार महिन्यांची नोंद मात्र या बाडावांचून अन्यत्र नाहीं.

(७) वरळीच्या नव्या इमारतींतील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या १४ ऑगस्ट २०२५ रोजीं रहिवाशांस मिळाल्या. नवें घर ५०० चौरस फुटांचें आहे. तिपटीहून अधिक जागा झाली, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु मधल्या स्थलांतरांत जें टाकलें जातें तें जागा मिळाल्यानें परत येत नाहीं. कलाशाळेंत शिकून गेलेलीं मुलें केवळ श्रीमंत घरांतलीं नव्हतीं. लालबाग, परळ, नायगांव, वरळी येथल्या पोटमाळ्यांवर असे रुमाल आणखी असण्याचा संभव आहे. यास्तव संग्राहक बंधूंस चार सूचना करून ठेवतों. पहिली, 'चांगलीं' चित्रें निवडून बाकीचीं टाकूं नयेत. साक्ष बहुधा टाकलेल्या पानांतच असते. दुसरी, पानाची पाठ चिकटवून झांकूं नये. तिसरी, कोळशाच्या चित्रांमध्यें पातळ कोरा कागद घालण्यापूर्वीं समोरासमोर उमटलेल्या छापांची नोंद करावी. चौथी, ज्याचे कागद आहेत तो हयात असतांच त्यास विचारून घ्यावें. पेशव्यांच्या कारकुनांस आपणांस विचारतां आलें नाहीं, ही खंत आपण नेहमीं व्यक्त करतों. येथें तो मनुष्य समोर बसलेला आहे.

बाड आम्हीं ठेवून घेतलें नाहीं. त्याची यादी करून, नव्या फडक्यांत बांधून तें विद्यार्थ्यास परत दिलें. वडिलांचें वय आज ऐंशीच्या घरांत आहे. तीं पानें त्यांस दाखवावीं कीं नाहींत, हें ठरविण्याचा अधिकार संशोधकाचा नाहीं. इत्यलम्.