झोंबतं म्हणजे बरं होतं?

आमच्या पिंगुळीची जमीन जांभ्याची. त्यावर गुडघा घासला की खवणीवर नारळ घासल्यासारखंच! सायकल शिकताना मी आठवड्यातून दोनदा तरी पडायचो. पण खरी भीती पडण्याची नव्हतीच मुळी, घरी जायची होती. घरी आजीचा दवाखाना! हळद, रानमोडीच्या पाल्याचा रस आणि शेवटचं अस्त्र म्हणजे टिंचर आयोडीनची तपकिरी बाटली. मी बोंबललो की आजी म्हणायची, "गप रव! झोंबता मा? म्हंजे औषध लागता हा." कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर स्पिरिटचा बोळा लावताना हेच इंग्रजीत सांगायच्या. दोन्ही माध्यमांचं एकमत!

मग चौथीत असताना मी एक शक्कल लढवली. पडलो, पण घरी सांगितलंच नाही. फुल पँट घालून तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी पू आणि सणसणून ताप. कुडाळच्या डॉक्टरांनी जखमेतून जांभ्याची खडी काढली आणि एवढंच विचारलं, "नुसतं पाण्याने तरी धुवायचं होतंस!"

आता इंजिनिअरिंगला आल्यावर यामागचं कारण कळलं. आपल्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचा एक सेन्सर असतो. साधारण ४२ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की तो "भाजतंय" असा सिग्नल मेंदूला देतो. मिरची तिखट लागते तीही याच्यामुळेच. टिंचरमध्ये आणि स्पिरिटमध्ये अल्कोहोल असतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की अल्कोहोलमुळे या सेन्सरची मर्यादा ३४ अंशांच्या आसपास खाली येते. आपलं शरीर तर ३७ अंशांवर! म्हणजे आग नसताना फायर अलार्म. झोंबणं म्हणजे जंतू मरत असल्याची पावती नव्हे. उलट उघड्या जखमेवर स्पिरिट ओतलं तर जखम भरून काढणाऱ्या पेशींनाही इजा होते.

आणि हळद? १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या शेजारच्या गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. सीएसआयआरने जुन्या ग्रंथांचे पुरावे दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. ऊर भरून येतो! पण नीट बघा, सिद्ध काय झालं? हे ज्ञान जुनं आहे, एवढंच. डब्यातली हळद निर्जंतुक असते असं काही त्यात सिद्ध झालं नाही.

खरा धोका माती, शेण नाहीतर राख चोपडण्यात आहे. धनुर्वाताचे जंतू माती-शेणातच दबा धरून असतात. आपल्या ग्राउंडवर खरचटल्यावर माती चोळणारे वीर आहेतच की!

तेव्हा होस्टेलकर मित्रांनो, आधी वाहत्या पाण्याखाली पाच मिनिटं धुवा, आजूबाजूला साबण लावा, खडी काढा आणि स्वच्छ पट्टी बांधा. जखम खोल किंवा मळकट असेल तर डॉक्टरांकडे जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. यातलं फारसं काही झोंबत नाही, म्हणून लपवायचीही गरज नाही.

त्या तापानंतर आजीने टिंचरची बाटली स्वतःच टाकून दिली. पुढे मी पडलो की कोमट पाणी घेऊन बसायची, हळूहळू धुवायची, मधेच फुंकर घालायची. डॉक्टर म्हणतील फुंकर नको, तोंडातले जंतू जातात. बरोबर आहे. पण मी पुन्हा कधी जखम लपवली नाही, ती त्या फुंकरीमुळेच.